काम संपलं कधी? शिनोळीपलीकडच्या एका वेबसाइटचं प्रकरण

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याला लागलं की हिंडलगा, पुढे बाची आणि बाची संपली की शिनोळी. तिथे राज्य बदलतं, बाजार आणि सोयरीक बदलत नाही. चंदगड तालुक्यातले काजू कारखानदार खोक्यांच्या छपाईपासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत निम्मी कामं बेळगावातच उरकतात. हे प्रकरण अशाच एका कारखान्याचं आणि बेळगावच्या टिळकवाडीत एकट्याने वेबसाइट बनवणाऱ्या एका डिझायनरचं आहे. तडजोडीच्या बैठकीत दोघांच्या ओळखीचा म्हणून मला बसवलं होतं, त्यामुळे दोन्हीकडचे कागद आणि मोबाइलवरचे निरोप वाचायला मिळाले. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून रकमा आणि काही तपशील बदललेत. भांडण जसं झालं तसंच आहे.

काम ओळखीतून आलं. डिझायनरच्या वडिलांचे एक स्नेही कारखान्याला खोकी पुरवायचे, त्यांनी नंबर दिला. पावसाळ्यात बेळगावच्याच शहापुरातल्या एका दुकानात चहावर बोलणं झालं आणि दुसऱ्या दिवशी डिझायनरने व्हॉट्सअॅपवर एका पानाचं कोटेशन पाठवलं. ‘ऑनलाइन विक्रीसह वेबसाइट, मराठी-कन्नड-इंग्रजी, ₹६०,०००, दसऱ्यापूर्वी तयार, निम्मी रक्कम आगाऊ.’ कारखान्याकडून उत्तर आलं, ‘ठीक आहे की. सुरू करा.’ यूपीआयने आगाऊ ३०,००० ऐवजी २०,००० आले आणि सोबत धाकट्या भावाचा आवाजी निरोप: “उरलेले पुढच्या आठवड्यात देतो की ओ, कुठं पळून जातोय काय आम्ही?” डिझायनरने काम सुरू केलं.

बहुतेक जण इथेच थांबून म्हणतील, करार नव्हता म्हणून पैसे बुडाले. मला ते पटत नाही. करार होता. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातल्या कलम १० प्रमाणे प्रस्ताव, होकार आणि मोबदला असला, दोन्ही बाजू सज्ञान असल्या आणि हेतू कायदेशीर असला की करार होतो, त्याला कागदच लागतो असं नाही. करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने तो फोल ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मध्ये आहे. व्हॉट्सअॅपवरचा तो होकार आणि त्यापाठोपाठ आलेले २०,००० एवढं पुरेसं होतं. त्या करारात किंमत होती, तारीख होती. नव्हतं ते एकच: काम संपलं असं कधी म्हणायचं, आणि ते कोणी म्हणायचं.

कारखान्यात निर्णय घेणारे तिघे होते. थोरला भाऊ बॉयलर, कामगार आणि कच्चं बी बघतो. धाकटा बेळगावातली विक्री सांभाळतो. पुतण्या पुण्यात नोकरीला आहे आणि घरातला कॉम्प्युटरवाला म्हणून त्याच्या शब्दाला वजन. होकार धाकट्याने दिला, पैसे थोरल्याच्या खात्यातून आले आणि सुधारणा पुतण्या सांगायचा. आधी लोगो नवा हवा झाला, मग पाककृतींचं पान, मग कारखान्यातल्या मालाची नोंद ठेवणारी वही साइटलाच जोडून हवी झाली. ‘हे पण बघा की’ असा निरोप यायचा, डिझायनर उत्तरादाखल नुसतं अंगठ्याचं चिन्ह टाकायचा. त्या प्रत्येक अंगठ्याचा अर्थ पुढे दोन्ही बाजूंनी वेगवेगळा लावला.

खरी गाडी अडली ती मजकुरात, आणि हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण सीमाभागात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला तो येतो.

मराठी मजकूर आला तो छापखान्यातल्या कोरलड्रॉ फाइलमध्ये, श्रीलिपीत टाइप केलेला. जुन्या छपाईच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. छापून छान दिसतं, पण तोच मजकूर उचलून वेबसाइटवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटतो. वेबसाइटला युनिकोड लागतो, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारखीच वाचली जाणारी अक्षरं. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण रफार सरकतो, ऱ्हस्व इकार चुकीच्या अक्षराला चिकटतो, जोडाक्षरं फुटतात, आणि शेवटी माणसाने ओळ न् ओळ वाचावीच लागते. कन्नड मजकूर तर अर्धाच आला, तोही जुन्या नुडी फॉन्टमधला. डिझायनर बेळगावचा, कन्नड पाट्या आणि बसवरचे बोर्ड घडाघडा वाचतो, पण कन्नड मजकुराचं मुद्रितशोधन करणं निराळं. ते कोणी करायचं? कारखान्याच्या लेखी ‘तीन भाषा’ म्हणजे तिन्ही भाषांतला मजकूर डिझायनरने उभा करायचा. डिझायनरच्या लेखी ‘तीन भाषा’ म्हणजे तिन्ही भाषांची सोय आणि त्यात ओतायचा मजकूर कारखान्याचा. कोटेशनमधला तो एक शब्दप्रयोग दोघांनी आपापल्या सोयीने वाचला, आणि खरं सांगायचं तर दोन्ही वाचनं रास्त होती.

मजकुराइतकीच माहितीही अडली. काजूचा भाव प्रतवारीवर ठरतो. डब्ल्यू-२४० म्हणजे एका पौंडात साधारण २२० ते २४० गर, डब्ल्यू-३२० म्हणजे ३०० ते ३२०, त्याखाली पाकळी आणि तुकडा. कोणत्या प्रतीची किती वजनाची पाकिटं विकायची हे दसरा तोंडावर येईपर्यंत ठरलं नव्हतं. पाकीटबंद माल ऑनलाइन विकायचा तर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी ही माहिती उत्पादनाच्या पानावर द्यावी लागते. खाद्यपदार्थ म्हणून एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांकही हवा. पेमेंट गेटवेवाले, म्हणजे साइटवर ऑनलाइन पैसे घ्यायची सोय पुरवणारे, पॅन आणि बँक खात्याची कागदपत्रं मागतात, शिवाय माल परत घेण्याचे आणि पैसे परत देण्याचे नियम साइटवर आधी लिहिलेले असावे लागतात. यातलं काहीही डिझायनर स्वतःच्या मनाने लिहू शकत नाही. तो मागत राहिला. “पाठवतो की” एवढंच उत्तर येत राहिलं.

दसरा गेला. दिवाळीच्या आठवडाभर आधी मराठी आणि इंग्रजी साइट चालू झाली. पेमेंट गेटवे नव्हता, त्याऐवजी ऑर्डरसाठी व्हॉट्सअॅपचं बटण बसवलं होतं. थोड्याफार ऑर्डरी आल्या. नोव्हेंबरमध्ये डिझायनरने उरलेले ४०,००० मागितले तेव्हा थोरले म्हणाले, “सीझन गेला, कन्नड नाही, कार्डाने पैसे घेता येत नाहीत. अर्धवट कामाचे पूर्ण पैसे कशाला ओ?”

डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची जागा) डिझायनरने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. धंद्यात हे सर्रास चालतं, गिऱ्हाइकाला कार्ड वापरून काही विकत घ्यायचा कंटाळा असतो. आता त्याच्या हाती कुलूप आलं होतं आणि साइट बंद करायचा मोह त्याला झाला. एका वकिलाने वेळीच अडवलं. साइट कारखान्याच्या वापरात होती, तिच्यावर ऑर्डरी येत होत्या. वापरायचा हक्क असलेल्याला संगणक यंत्रणेपासून अडवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसू शकतं, आणि ते अप्रामाणिक हेतूने केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली फौजदारीही. पैसे येणं असलेला माणूस एका रात्रीत आरोपी होऊन बसला असता. थकबाकीपोटी साइट थांबवायची असेल तर तो अधिकार आधी, लेखी, मुदतीच्या नोटिशीसह ठरलेला असावा लागतो. इथे तसं काहीच नव्हतं.

वकिलाने मग दोन्हीकडचे निरोप क्रमाने लावले, आणि मला सगळ्यात उपयोगी वाटलं ते हेच काम. जुलै ते ऑक्टोबर डिझायनरने मजकूर, प्रतवारी, परवाना क्रमांक आणि बँकेचे कागद कितीदा मागितले याची तारीखवार यादी तयार झाली. करार कायद्याचं कलम ६७ अशा वेळेसाठीच आहे: ज्याच्यासाठी काम करायचं त्याने ते करायला लागणारी वाजवी सोय दिली नाही, तर त्यामुळे राहिलेल्या कामाबद्दल करणाऱ्याला दोष येत नाही. कायद्यातलं उदाहरण घरदुरुस्तीचं आहे. घर दुरुस्त करायचं ठरलं, पण मालक कुठे दुरुस्ती हवी ते दाखवतच नाही. मग दुरुस्ती झाली नाही तर गवंडी मोकळा. दीडशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या त्या उदाहरणात घराच्या जागी वेबसाइट घातली की हे प्रकरण उभं राहतं.

कन्नड पानं आणि गेटवे यांबाबत डिझायनरची बाजू त्यामुळे भक्कम झाली. लोगो आणि पाककृतींच्या पानाबाबत तेवढी नाही. ते काम त्याने दर न सांगता करून दिलं होतं. फुकट करायचा इरादा नसताना केलेल्या आणि समोरच्याने वापरलेल्या कामाचा मोबदला कलम ७० खाली मागता येतो, पण तो किती हे सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर आलं असतं.

मार्ग तीन होते. बेळगावच्या दिवाणी न्यायालयात दावा: करार इथे झाला, काम इथे झालं, म्हणून दाव्याचं कारण अंशतः तरी इथे घडलं, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० प्रमाणे ते पुरतं. कारखाना महाराष्ट्रात आहे म्हणून चंदगडलाच जावं लागेल ही भीती अनाठायी होती. पैशाच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची, म्हणजे घाई नव्हती. व्हॉट्सअॅपचे निरोप पुरावा म्हणून चालतात, पण जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मधलं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यामुळे मूळ फोन आणि मूळ चॅट जपून ठेवायला हवं. एवढं करून ४०,००० साठी वर्षानुवर्षं तारखा घ्यायच्या का, हा प्रश्न वकिलानेच विचारला.

दुसरा मार्ग सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद बघणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलचा. २००६ चा एमएसएमई कायदा सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे, एकट्याने काम करणाऱ्यालाही. त्यात पैसे द्यायची मुदत लेखी ठरवली तरी ४५ दिवसांपलीकडे जात नाही, ठरवलीच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. काम दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर काम स्वीकारलं असं धरलं जातं. शिवाय पुरवठादार जिथे आहे तिथली कौन्सिल प्रकरण चालवते, गिऱ्हाईक देशात कुठेही असो. शिनोळीपलीकडच्या गिऱ्हाइकासाठी याहून सोयीचं काही नाही. पण त्यासाठी आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, लागते. ती फुकट आहे, आधार आणि पॅनवर घरबसल्या होते, आणि डिझायनरने ती केली नव्हती. काम संपल्यावर नोंदणी करून मागच्या बिलावर हा हक्क सांगता येतो का, यावर न्यायालयांत पुष्कळ वाद झाले आहेत. त्या वादात एवढ्याशा रकमेचा माणूस का शिरेल?

म्हणून तिसरा मार्ग, बसून मिटवणं. बैठक डिसेंबरमध्ये कारखान्याच्या बेळगावातल्या गोदामात झाली. पहिला तास वाया गेला, कारण दोघंही पैशावर बोलत होते. पैसे बाजूला ठेवून पूर्ण झालेल्या पानांची यादी मोठ्याने वाचायला घेतली तेव्हा हवा बदलली. “हे झालंय का?” “झालंय की.” “हे?” “हे आमच्याकडून राहिलं.” थोरल्यांनी पाककृतींचं पान त्या दिवशी पहिल्यांदा उघडून पाहिलं. मालाच्या नोंदवहीचं तर त्यांना माहीतच नव्हतं. पुतण्याने परस्पर सांगितलं होतं.

ठरलं ते दोन पानांच्या पुरवणी करारात उतरवलं. जुन्या कराराच्या जागी दोघांच्या संमतीने नवा आला की जुना पाळायचं बंधन उरत नाही, हे करार कायद्याचं कलम ६२. यादीतलं काम पूर्ण झालं हे दोघांना मान्य. कन्नड पानं आणि गेटवे या करारातून बाहेर. उरलेल्या ४०,००० ऐवजी ३०,०००, त्यातले निम्मे सहीबरोबर, निम्मे डोमेन कारखान्याच्या नावावर झाल्यावर. डॉट कॉम डोमेन नोंदणीनंतर ६० दिवस दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही, पण ती मुदत केव्हाच उलटली होती. करार बेळगावात ई-स्टॅम्पवर केला. बनावट मुद्रांकांमुळे देशभर गाजलेला तेलगी आमच्या खानापूरचाच, त्यामुळे स्टॅम्पचा विषय निघाला की इथे कोणीतरी त्याचं नाव काढतोच, त्या दिवशीही निघालं. तसं पाहिलं तर मुद्रांक कमी पडला म्हणून करार रद्द होत नाही. तो पुरावा म्हणून दाखल करताना शुल्क आणि दंड भरावा लागतो एवढंच.

भाषेचा प्रश्न तिथेच आला. डिझायनरने करार इंग्रजीत आणला होता. थोरल्यांनी तो हातात धरला, चष्मा लावला आणि पुतण्याला फोन लावायला निघाले. तो फोन गेला असता तर बैठक पुन्हा पहिल्या पायरीवर आली असती, असं मला अजूनही वाटतं. मग तिथेच मराठीत लिहिला. मराठीतला करार कायद्याने तितकाच पक्का. कर्नाटकातल्या न्यायालयात दाखल करायची वेळ आली तर भाषांतर जोडावं लागेल, तो खर्च किरकोळ. सही करणाऱ्याला न समजलेला कागद मात्र पहिल्या भांडणात “आम्हाला काय माहीत त्यात काय लिहिलंय” इथे येऊन थांबतो. मी आता सगळ्यांना सांगतो: मराठीत लिहा, गिऱ्हाईक कन्नड असेल तर कन्नडमध्ये लिहून घ्या, आणि दोन भाषांत केलात तर मतभेद झाल्यास कोणती प्रत खरी धरायची ते एका ओळीत नमूद करा.

मालकी हक्काचं कलम सगळ्यांना वाटतं त्याहून किचकट निघालं. “पैसे आम्ही दिले, साइट आमची” असं धाकटे म्हणाले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तसं नाही. डिझायनर कारखान्याचा नोकर नव्हता, त्यामुळे त्याने केलेल्या रचनेचा आणि कोडचा पहिला मालक तोच. पण काजूचे फोटो त्याने पैसे घेऊन कारखान्यासाठी काढले होते, आणि सांगून, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक, वेगळं ठरलं नसेल तर, काढवून घेणारा. म्हणजे एकाच पानावरचा फोटो कारखान्याचा आणि त्याभोवतीची मांडणी डिझायनरची. हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. म्हणून करारात ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर, कायमचे, जगभरासाठी’ असे शब्द घातले. साइट ज्यावर उभी होती ते वर्डप्रेस आणि त्यावरचं दुकानाचं साधन मुक्त परवान्याचं आहे, फॉन्टही तसेच. ते ना याच्या मालकीचे ना त्याच्या, तेही लिहिलं.

डिझायनरने त्यानंतर उद्यम नोंदणी केली आणि उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या कामासाठी नवा करार बेतला. त्यातली बरीच कलमं कुठल्याही नमुन्यात सापडतील, ती सोडून देतो. मला आवडली ती मजकुराची. मजकूर युनिकोडमध्ये आणि एकाच नेमलेल्या माणसाकडून येईल. तो पूर्ण मिळाल्यावर कामाचे दिवस मोजायला सुरुवात होईल. ३० दिवस मजकूर आला नाही तर तोवर झालेल्या टप्प्याचं बिल देय होईल आणि काम बाजूला ठेवलं जाईल. प्रत्येक टप्पा दाखवल्यावर ७ दिवसांत लेखी हरकत नाही तर टप्पा मान्य. प्रत्येक टप्प्यात दोन सुधारणा, तिसरीपासून तासाचा दर. डोमेन आणि होस्टिंग पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाच्या नावावर, त्याच्याच कार्डाने.

एका कलमावर माझं त्याच्याशी जमलं नाही. उशीर झाल्यास रोज १,००० रुपये दंड असं त्याने लिहिलं होतं. ठरलेला आकडा जसाच्या तसा मिळेल या भरवशावर राहता येत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाईच मिळते, आणि ५०,००० च्या कामावर रोजचे १,००० वाजवी आहेत हे कोण पटवणार? एमएसएमई कायद्याचं व्याज पुरेसं बोचरं आहे. त्याने दंड ठेवलाच. त्याच्या मते तो वसूल करायचा नाही, वाचला जावा एवढंच. फाउंड्रीच्या मालकांनी तो वाचला, हसले आणि खोडला. मजकुराच्या कलमाला मात्र हात लावला नाही. उलट नेमलेला माणूस म्हणून स्वतःचं नाव खोडून हिशेबनीसाचं घातलं.

काजूवाल्यांनी दुसरा हप्ता जानेवारीत दिला. पुरवणी कराराला जोडलेल्या एका ओळीत कन्नड पानांचा दर होता, मार्चअखेरपर्यंतच बांधील. मजकूर एप्रिलमध्ये आला. डिझायनरने नवा, जरा चढा दर कळवला, धाकट्याने “जुनाच धरा की” म्हणून पाहिलं, आणि करारातल्या त्या ओळीचा फोटो गेल्यावर होकार दिला. मजकूर या वेळी युनिकोडमध्ये होता.